एक थाप, पुढचा गियर

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गाडी कानानं चालवायचे. हे त्यांचंच म्हणणं. जुनी, चार गियरची मोटारसायकल. इंजिन किती पळतंय ते दाखवणारा काटाबिटा तिला नाही. गाडी बोंबलायला लागली की पुढचा गियर, कुथायला लागली की मागचा. या दोन्हींच्या मधे ती गुणगुणते, तेवढ्यातच तिला ठेवायची. आमच्या कुरुंद्याच्या चौकात एखादं पोरगं दुसऱ्या गियरमध्येच गाडी ताणत गेलं की हे चहाचा कप खाली ठेवून ओरडायचे, "काहून छळून राहिला रे तिला?" गाडीची एवढी कणव! मी डोक्यावर घागरी वाहत होते तेव्हा असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

साठी उलटली आणि त्यांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी माझं बोलणं ऐकू येईना, त्याची त्यांना काही तकलीफ झाली नाही. मग फोनची घंटी गेली. शेवटी इंजिनाचा आवाज गेला, आणि तेव्हा कुठं गडी कावराबावरा झाला. गाडी दुसऱ्यात टाकायचे आणि तशीच शेतापर्यंत न्यायचे. ती अशी किंचाळायची की रस्त्याकडेला हळद वाळत घालणाऱ्या बाया हातातलं टाकून उभ्या राहायच्या. नाहीतर दुसरी तऱ्हा, चौथ्यात टाकून बैलगाडीच्या चालीनं. गाडी गचके द्यायची आणि मागं माझे दात वाजायचे. शेजारीण मला म्हणायची, "वहिनी, चहा ठेवा, तुमचं विमान आलं."

आमचा पोरगा नांदेडला नोकरीला आहे. त्यानं कानात घालायचं मशीन आणून दिलं. गाडीवर बसलं की त्यात नुसता वारा घोंघावतो म्हणून मालकांनी ते कपाटात ठेवलं, आणि तिथं ते आजही नव्यासारखं आहे. मग पोरगा मोठ्यानं म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाकू. तुमाला बिनगियरची स्कूटी आणतो." मालक ताटावरून उठले.

पोराचंही चूक नव्हतं. तो म्हणाला, "दिवाळीला आलो की मी मागं बसून बघतो. नीट चालवली तर ठेवा. न्हाईतर किल्ली मी घेऊन जाईन." गाडी गेली असती तर यांचं शेत गेलं असतं, बाळापूरचा बाजार गेला असता, चौकातला चहा गेला असता. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठं चाललास विचारणारा म्हातारा तेवढा उरला असता. मला त्यांचं वाईट वाटलं. शिवाय दिवसभर ते मला घरात नको होते, खरं तेच सांगते.

माझे कान शाबूत होते आणि मागची सीट तशीही माझीच. मी त्यांना खुणेनं समजावलं. खांद्यावर एक थाप, पुढचा गियर. दोन थापा, मागचा. मागून ट्रक आला तर शर्ट ओढणार. आधी यांनी तोंड फुगवलं, "आता तू शिकवणार मला?" पण दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं खांदा पुढं केला.

सुरुवातीला काय गमती झाल्या म्हणून सांगू! त्यांच्या खांद्यावर मधमाशी बसली, मी ती उडवली, तर यांनी पुढचा गियर टाकला. चढावर गाडी ढुसढुस करत बंदच पडली. घरी भांडण झालेलं असलं की माझी थाप जरा वजनदार पडायची. मग मान वळवून म्हणायचे, "गियर सांगून राहिली का हाडं मोडून राहिली?" पण गाडी सुधारली. पुन्हा गुणगुणायला लागली. सिद्धेश्वरला माझ्या भावाकडं जाताना तर एकदा मला मागं डुलकी लागायची बाकी होती. आणि मला, लपवत नाही, मोठा गर्व झाला. मनात म्हणायचे, गाडी चालवतात हे, पण चालते माझ्या हातावर.

दिवाळीला पोरगा आला. फराळ झाल्या झाल्या बापाच्या मागं बसला. आज खांद्यावर थाप कोण मारणार? कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायचं ठरलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. गाडी सुटली आणि माझा हात आपोआप चौकटीवर पडायला लागला. पहिला गियर... आता दुसरा, थाप. पण थाप पडायच्या आधीच तिकडं आवाज खाली आला होता. तिसऱ्याला तेच. चौथ्याला तेच. दर वेळी ते माझ्या पुढं! गाडी गुणगुणत पुलाकडं गेली आणि तशीच परत आली.

पोरगा उतरला आणि त्यानं किल्ली बापाच्या खिशात घातली. "आई, हे तर माझ्यापेक्षा बरे चालवतात की!"

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "कसं जमलं?"

"टाकीला गुडघे लावले की कळतंय," ते म्हणाले. "ती काय म्हणून राहिली ते पायाला बराबर कळतंय. लई दिवस झाले."

लई दिवस! म्हणजे इतके दिवस मी येड्यासारखी खांदा बडवून राहिले होते आणि हा माणूस पुढं बसून नुसता मजा घेत होता. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या बाजाराला बाळापूरला निघालो तेव्हा मी खांद्याला हातच लावला नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्यानं मागचं कॅरिअर धरलं. टाका म्हटलं आता गियर तुमचे तुम्हीच. त्यांनी टाकले. सगळे नीट. त्याचाही मला राग आला. पण थोडं पुढं गेल्यावर गाडी उगाच हळू झाली, रस्त्याच्या कडेला थांबली, आणि मालक पूर्ण मागं वळले. तोंडाचा रंग उडालेला.

"काय झालं?" मी हातानं विचारलं.

"मला वाटलं, पडलीस कुठं."

मला हसू फुटलं. माझ्यासारखं वजन गाडीवरून पडलं तर टाकीला न विचारताही कळेल! पण ते हसले नाहीत. गाडी बंद करून तसेच बसले.

"तुझं बोलणं आता मला ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "मागं तू बोलायचीस तर कळायचं, हाईस. आता थाप पडली तरच कळतंय."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी सुरू झाली.

बाळापूर येईपर्यंत मी वाटेल तिथं थापा मारल्या. सरळ रस्त्यावर, चढावर, गियरचा काही संबंध नसताना. त्यांनी एकही गियर माझ्या सांगण्यावरून टाकला नाही. दर थापेला मान तेवढी हलवली.