हलकी गाडी आणि गंजलेले रूळ

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या ऑफिसात माझं काम रेल्वे सिग्नलच्या सुरक्षेचं. योजना आली की तपासायची, ठीक असेल तर सही करायची. या वेळचं काम अमेरिकेतून आलं होतं. तिथे एका छोट्या गावातून फक्त मालगाड्या जातात. त्याच रुळांवर युरोपात असते तशी हलकी, दोन डब्यांची डिझेल गाडी प्रवाशांसाठी सुरू व्हायची होती. उद्घाटन ठरलं होतं, माझी सही बाकी होती.

चाचणीचे आलेख माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने तयार केले होते. ती पुण्याची, कामाला चोख. आलेख इतके गुळगुळीत होते की मी मूळ डेटा मागितला.

"अगं, त्यात नुसता कचरा आहे," ती म्हणाली. "मधेमधे गाडीची नोंद तुटते, ते भरून काढलंय. नेहमी काढतोच की."

नेहमी काढतो, हे खरं. इंग्लंडमध्ये ते चालूनही जातं.

मूळ डेटात गाडी गावाच्या अलीकडे होती. मग नव्हतीच. मग गावातल्या रस्त्यावरच्या रेल्वे फाटकाच्या पलीकडे पुन्हा उगवली.

रुळांतून बारीकशी वीज सोडलेली असते. चाकांमुळे दोन्ही रूळ जोडले गेले की सिग्नलला कळतं, इथे गाडी आहे. आमच्याकडे दिवसभर गाड्या धावतात, रूळ चकचकीत राहतात. तिथे मालगाडी कधीतरी येते, एरवी रूळ गंजतात. तिच्या वजनाखाली गंज चिरडला जातो. या हलक्या गाडीखाली तो तसाच राहत होता आणि वीज पलीकडे पोचत नव्हती. गाडी आल्याचं कळलं तरच फाटक पडतं.

मैत्रीण स्क्रीनकडे बघत राहिली. "म्हणजे फाटक उघडं, आणि गाडी मधून?"

मी तिकडच्या इंजिनिअरला फोन लावला. तिकडे सकाळ होती. चाचणीच्या दिवशी प्रत्येक फाटकावर माणसं उभी करून रस्ता अडवला होता, त्यामुळे फाटक पडलं की नाही हे कोणी पाहिलंच नाही, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, सही होणार नाही, उद्घाटन पुढे ढकला.

"ड्रायव्हरांचं ट्रेनिंग सुरू आहे," तो म्हणाला. "गाडी आत्ता लाइनवर आहे."

"फाटकांवर माणसं?"

"आता नसतात."

फोन चालू ठेवूनच त्याने रेडिओवरून गाडीला जागच्या जागी थांबायला सांगितलं. मग, ती नेमकी कुठे आहे, हे त्याने ड्रायव्हरलाच विचारलं.