क्रुसापुढं बोललेला भाव

कैतान मेस्त्रीला उत्तनपासून डोंगरीपर्यंत सगळे शहाणा म्हणत. तो होताही शहाणा. पुढे गोत्यात आला तो त्याच शहाणपणापायी, एवढंच कुणी बोलून दाखवत नाही.

कैतान होड्या बांधायचा. उत्तनच्या किनाऱ्यावर माडांखाली बापानं घेतलेली जागा, तिच्यावर झावळ्यांचा मांडव, आणि मांडवाखाली एखादी तरी होडी कायम उभी. बाप कारागीर नामी, पण व्यवहारात भाबडा. तीस साली त्यानं मांडवभर सागवान भरून ठेवलं आणि वर्ष सरायच्या आत मंदीनं त्याचा भाव निम्म्यावर आणला. गिऱ्हाइकं म्हणू लागली, लाकूड उतरलंय, मग होडीही उतरत्या भावात दे. म्हातारा त्या लाकडाकडे बघत बघत खंगला आणि गेला. कैताननं तेव्हा कानाला खडा लावला: माल भरायचा नाही. रोकडा पेटीत ठेवायचा आणि लागेल तसं लाकूड आणायचं.

त्यानंतर दहा वर्षं हे शहाणपण चोख चाललं. वाट बघितली की लाकूड अजून थोडं स्वस्त मिळायचं. कैतान खाडीतून भाईंदरला जायचा, शिवदास शेटच्या वखारीत पाय पसरून बसायचा, घासाघीस करायचा आणि हव्या तेवढ्याच फळ्या घेऊन परतायचा. शेट वैतागायचा, पण करतो काय?

एक्केचाळीसच्या दिवाळीच्या सुमाराला त्याच्याकडं दोन होड्यांचं काम एकदम आलं. एक जवळच्या पालीच्या मच्छीमाराची, दुसरी उत्तनच्याच दुमिंगची. दुमिंग गावातलं मोठं प्रस्थ. चार होड्या आधीच समुद्रात, आवाज त्याहून मोठा. होडीचा भाव ठरवायची तिथली रीत अशी, की कण्याचं, म्हणजे होडीच्या तळाच्या लांब तुळईचं, लाकूड किनाऱ्यावरच्या क्रुसापुढं आणायचं, मेस्त्री आणि गिऱ्हाईक दोघांनी त्यावर हात ठेवायचा आणि भाव मोठ्यानं बोलायचा. होडी पाण्यात उतरेपर्यंत तो बदलायचा नाही. आणि एकदा मांडलेला कणा अर्धवट टाकायचा नाही. ज्याची अर्धी होडी किनाऱ्यावर कुजली, त्या मेस्त्रीकडं पुन्हा कुणी फिरकत नसे. कैतान दोन्ही वेळा आठशे रुपये बोलला, निम्मे हातात घेतले आणि पेटीत ठेवले.

"मेस्तरी, या वेळी दोन्ही होड्यांचं लाकूड आजच उचला," शिवदास शेट त्याला म्हणाला होता. "लढाई चालू आहे. घरातला रुपया सडेल."

कैतान हसला. शेटला वखार रिकामी करायची असणार, असं त्याला वाटलं. मंदीच्या तोंडावर असाच गोड बोलून कुणीतरी त्याच्या बापाला बुडवलं होतं.

मग जपान लढाईत उतरलं आणि रंगून पडलं. ब्रह्मदेशचा साग बंद, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद. वखारीतला माल लष्करासाठी उचलला जाऊ लागला आणि उरलेल्याचा भाव दर खेपेला नवा. कैताननं सवयीप्रमाणं थोडी वाट बघितली. थोडी म्हणता म्हणता सागवान दुप्पट झालं, मग तिप्पट. तांब्याचे खिळे बाजारातून गायब झाले. कशीबशी पालीवाल्याची होडी पाण्यात गेली, तोवर दोघांनी दिलेले पैसे, पालीवाल्याचे उरलेले चारशेही धरून, तिच्यातच संपले होते. दुमिंगच्या होडीचा नुसता कणा आणि काही फासळ्या मांडवात उभ्या होत्या. त्यांच्याजवळून जाता-येता कैतानचा जीव दडपायचा. तो फासळ्यांचा पिंजरा दुसऱ्या कुणी बांधला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या. हा त्यानं स्वतःच्या हातानं बांधला होता.

करवत ओढणारे दोघं एक दिवस काम टाकून बसले. "मेस्त्री, पैशे नको. भात दे," त्यांनी सांगितलं.

भात होतं ते कॉनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या जिवावर. तिच्या माहेरच्या शेताच्या तुकड्यातलं भात तिनं त्या वर्षी विकलंच नव्हतं. कैतान तिला वेडी म्हणाला होता. आता तीच सूप भरभरून करवतवाल्यांची मजुरी मोजत होती, आणि कैतान तोंड फिरवून रंधा मारत होता. बायको आपल्याहून हुशार निघाली याचा त्याला राग आला आणि आधारही वाटला.

"दुमिंगकडं जा," कॉनी म्हणाली. "वाढीव पैसा मागू नको. मासळीत वाटा माग. दोन मोसम एक वाटा. मासळी महाग हाय तवर आपल्याला मिळंल, उतरली तर आपलंबी उतरंल. त्याचा काय तोटा न्हाय."

बोलणं रास्त होतं. होडीवर खलाशांना वाटाच मिळतो, मालकाला वाटाच मिळतो. मेस्त्रीनं मागितला तर आभाळ कोसळणार नव्हतं. कैतान गेला. दुमिंग ओट्यावर जाळं विणत बसला होता. मुंबईच्या बाजारात सुकी मासळी चौपट भावानं जात होती आणि त्याच्या अंगावर ते दिसत होतं.

सगळं ऐकून घेऊन त्यानं सुई थांबवली. "मेस्त्री, क्रुसापुढं काय बोललास?"

"आठशे."

"मग? तू बोललास, मी हात ठेवला. आता त्यात माझा काय गुन्हा हाय?"

"दुमिंगदादा, तेवढ्यात फळ्याबी येत न्हाय."

"मना फळ्यांचा काय सांगतोस? होडी मागितली मी तुझ्याकडं." आणि सुई पुन्हा चालू झाली.

कैतान परत आला. शब्द मोडला तर किनाऱ्यावर कुणी काम देणार नाही. पाळायचा तर लाकूड हवं, आणि लाकडाच्या बदल्यात द्यायला एकच गोष्ट उरली होती. आठवडाभर तो मांडवाच्या जागेत नुसता फिरत राहिला. बापानं लावलेल्या माडांना हात लावून बघायचा, पुन्हा आत येऊन बसायचा. मग भाईंदरला गेला.

शिवदास शेटनं किनाऱ्यावरची जागा घेतली, पण रुपयांत नाही. रुपया तर आता कैतानलाही नको होता. एका होडीचं लाकूड, खिळे, काथ्या आणि तेल, असा सौदा झाला. शेटला त्या जागेत स्वतःचा होड्यांचा कारखाना काढायचा होता आणि मेस्त्री म्हणून त्यानं कैतानलाच ठेवलं. कॉनीनं एक अट घालायला लावली: मजुरीतलं निम्मं भातात.

दुमिंगची होडी त्रेचाळीसच्या नारळी पौर्णिमेच्या आधी तयार झाली. फादर आले, पाणी शिंपडलं, पोरांना गूळ-खोबरं वाटलं. कैताननं एकही सांधा कच्चा ठेवला नव्हता. रागाच्या भरात ठेवायचं मनात आलं होतं, पण हात ऐकेनात. दुमिंगनं उरलेले चारशे सगळ्यांसमोर मोजून दिले आणि म्हणाला, "बघा, बोलल्याप्रमाणं दिले." लोकांनी माना डोलावल्या. त्या चारशेत नव्या होडीचा जेमतेम कणा आला असता.

दोन महिन्यांनी दुमिंग मांडवात आला. मासळी तेजीत होती, त्याला अजून एक होडी हवी होती. शिवदास शेट खुर्चीवर बसला होता, कैतान कोपऱ्यात फळी तासत होता.

"भाव काय धरायचा, शेट?" दुमिंगनं विचारलं.

"आज कसा सांगू? होडी पाण्यात जाईल त्या दिवशी लाकूड ज्या भावाला असेल, तो. वर मजुरी. त्या दिवशी मुंबईत तांदळाचा भाव असेल, त्या हिशेबानं."

कैतानचा हात थांबला. आता आवाज चढेल, आता क्रुसाचं नाव निघेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

"तुमी म्हणाल तसा, शेट," दुमिंग म्हणाला.

संध्याकाळी शेट आणि दुमिंग कण्याचं लाकूड घेऊन क्रुसापुढं गेले, हात ठेवले आणि तेच मोठ्यानं बोलले. रीत पुरी झाली. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

कैताननं घरी येऊन सांगितलं तेव्हा कॉनी भडकली. "आपल्या वक्ताला त्याला क्रूस आठवला. शेटसमोर का न्हाय आठवला?"

"शेटसमोरबी आठवला," कैतान म्हणाला. "दोघं तिथंच तर बोलले. भाव बोलायचा हाय, एवढीच रीत हाय. आकडाच बोलायचा, असं मना कुणी सांगितलं होतं?"

सकाळी दुमिंगच्या त्या होडीचा कणा कैताननंच मांडला, बापाच्या माडांखाली, रोजंदारीवर.