केळीवालीला केळीवालीनं गंडवलं

परदेशात जाऊन मी फसले. हे मीच सांगून टाकते, कारण तसंही अर्ध्या यावल तालुक्याला ते माझ्या आधी कळलं होतं. जळगावच्या ज्या टूरबरोबर मी व्हिएतनामला गेले, त्यातल्या एका बाईनं माझा व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर टाकला. मी हनोईच्या हॉटेलात जेवत होते, तोवर इकडे माझ्या मुलानं तो तीनदा बघितला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'केळीवालीला केळीवालीनं गंडवलं!' लिहिणाऱ्याला वाटलं असेल, काय तीर मारला.

झालं ते असं. तळ्याकाठच्या रस्त्यावर एक बाई उभी होती. माझ्याच वयाची. डोक्यावर पानांची टोकदार टोपी, खांद्यावर कावड, कावडीच्या दोन्ही टोकांना टोपल्या, टोपल्यांत केळी आणि अननस. केळी दिसली की मी थांबते. चाळीस वर्षं केळीच्या बागेत गेली आहेत, डोळा आपोआप तिकडे जातो. तिची केळी बोटभरच होती, पण वेळेवर कापलेली आणि सालीवर एक डाग नाही. मी मान डोलावली. तिनं कावड खाली ठेवली, आधी कावडीकडे बोट केलं आणि मग माझ्या खांद्याकडे.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे मी काय समजले ते कळेल. आमच्या शिवारात गवताचा भारा नाहीतर लाकडाची मोळी खाली टेकवलेली बाई बांधावर उभी असते. एकटीनं ते वझं डोक्यावर चढत नाही. रस्त्यानं जो येईल त्याला ती म्हणते, "हात लावजो व माय." मग हातातलं काम टाकून हात लावायचा. ती कोण, कुठली, विचारायचं नाही. मोटारसायकलवाला गाडी उभी करून उतरतो, एवढं ते पक्कं आहे. लग्न होऊन आले तेव्हा मीही केळीचे घड डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत वाहिले आहेत. किती अनोळखी हातांनी मला वझं उचलून दिलं, त्याची गणतीच नाही.

तेव्हा त्या बाईनं बोट दाखवलं आणि मी हात लावायला गेले. हात कशाला, दमली असेल म्हणून सगळं वझंच घ्यावं म्हटलं. ओढणीची चुंबळ वळली, खांद्यावर ठेवली, तिच्यावर कावड घेतली. चुंबळ बघून ती खळखळून हसली. स्वतःच्या खांद्यावरचं कापड बाजूला करून तिनं मला तिथला घट्टा दाखवला, लिंबाएवढा. बाकीचे पर्यटक कावड खांद्यावर घेऊन जागेवरच उभे राहतात, फोटो काढतात आणि मग पैसे देतात, हे मला नंतर कळलं. मी चालायला लागले. ती ओरडत माझ्या मागे पळायला लागली. व्हिडिओ बघताना लोक हसतात ते इथं.

कोपऱ्यावर मी कावड उतरवली. तिनं केळीच्या दोन फण्या पिशवीत कोंबल्या, पिशवी माझ्या मनगटाला अडकवली आणि हात पुढे केला. तिथल्या नोटांवर शून्यंच शून्यं. मी एक नोट काढली, ती तिनं कंबरेला खोचली आणि कावड उचलून गल्लीत दिसेनाशी झाली. तेवढ्या पैशांत दोन्ही टोपल्या आल्या असत्या, असं आमच्या गाइडनं सांगितलं. हा त्यांचा रोजचाच धंदा, म्हणाला.

मला राग आला. गरीब बिचारी म्हणून मी तिला माफ केलं, असली पोथी मी वाचणार नाही. लबाड ती लबाडच. केळी मात्र गोड होती, आणि टूरमधल्या हसणाऱ्या सगळ्यांनी ती माझ्याच पिशवीतून खाल्ली.

जळगाव स्टेशनवर मुलगा घ्यायला आला होता. गाडीत बसल्याबसल्या म्हणाला, "आई, पासपोर्ट दे. नीट ठेवतो." मी भोळेपणानं दिला. खरी फसले ती तिथं. त्यानं तो कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याला माझ्या भाच्याला फोन लावला. दोघांनी मिळून ठरवलं की दिवाळीनंतर पुन्हा व्हिएतनामला जायची आमची ट्रिप रद्द.

आमची म्हणजे माझी आणि अक्काची. अक्का माझी थोरली बहीण, त्या भाच्याची आई, धुळ्यातच देवपूरला राहते. जन्मभर तिनं घरातल्या आजाऱ्यांचं केलं, आधी सासूचं, मग नवऱ्याचं. यंदा पहिल्यांदा ती मोकळी झाली. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा नवी साडी नेसून बसली होती. डॉक्टर म्हणाले, यंदा फिरून घ्या, पुढच्या वर्षी गुडघ्यांचा भरवसा नाही. आणि या दोन शहाण्यांनी फोनवर दोन मिनिटांत तिचं जाणं खोडून टाकलं.

मी मुलाला विचारलं, "टिश्यू कल्चरची केळीची रोपं म्हणून नर्सरीवाल्यानं तुझ्या गळ्यात भलतीच रोपं मारली. अख्खी बाग उपटावी लागली. तेव्हा मी तुझ्याकडून शेत काढून घेतलं?"

"आई, तो धंदा आहे. ही हौस आहे."

"म्हणजे धंद्यात फसायची मुभा आहे आणि हौसेत नाही?"

मी पिशवी घेतली आणि धुळ्याची एसटी पकडली. पांझरा नदीचा पूल ओलांडेपर्यंत माझं डोकं तापलेलंच होतं.

अक्कानं व्हिडिओ बघितला होता. मला वाटलं, तीही घाबरली असेल. तिनं पाणी दिलं, समोर बसली आणि विचारलं, "माले एक सांग. ते वझं जड व्हतं का?"

"होतं. घडापेक्षा जड."

"मंग ती बाई रोज कशी वाहस व्हई?" तिनं स्वतःचा खांदा चोळला. मग म्हणाली, "बठ्ठा लोके हासतस, हासू दे. माले तठे जाईसन त्या बाईले देखनं शे." उठून तिनं डाळीचा डबा उघडला आणि डाळीत हात घालून प्लास्टिकच्या पिशवीतला पासपोर्ट बाहेर काढला. पोराच्या हाती लागू नये म्हणून तिथं ठेवला होता. माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परतले. बागेच्या बांधावर मुलगा फोनवर कुणाशी तरी केळीच्या भावावरून वाद घालत होता. सातपुड्याकडून कामाला आलेली एक बाई घासाचा भारा टेकवून उभी होती. तिनं हाक मारली, "भाऊ, हात लावजो." त्यानं बोलता बोलता फोन खिशात टाकला, वाकला, भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला आणि पुन्हा फोन कानाला लावला. तिच्या तोंडाकडेही त्यानं बघितलं नाही.

मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यानं फोन ठेवला.

"तिला विचारलंस का, तू मला फसवशील का म्हणून?"

आधी त्याला काही कळेना. मग कळलं. लहानपणी खोडी पकडली गेली की त्याचे कान लाल व्हायचे, तसेच झाले.

"आणि परत कुणी गंडवलं तर?" तो म्हणाला.

"तर परत गंडेन. वझं टेकवून कुणी बोट दाखवलं तर मी हात लावणार. तूही लावशील, मीच शिकवलंय. कपाटाची किल्ली दे."

त्यानं किल्ली दिली. काढून देतो म्हणाला, मी म्हटलं मीच काढते.

परवा अक्काची बॅग भरायला देवपूरला गेले होते. गुडघ्याचं तेल, मेथीचे लाडू, गरम टोपी, सगळं तिनं आधीच काढून ठेवलं होतं. मी सगळ्यात वर जुन्या लुगड्याची दोन फडकी ठेवली. एक माझ्या चुंबळीला, एक तिच्या.