फोर-स्ट्रोक आणि एक नारळ

स्नोमोबिल विकत घेताना ती तिरपी करता येते का, हा प्रश्न मी दुकानदाराला विचारला नव्हता. बाकी सगळं विचारलं होतं. मागे चाकांऐवजी असतो तो पट्टा किती लांब, वॉरंटी किती वर्षांची, हँडल गरम होतं का. हँडल गरम होतं हे कळल्यावर पुढचे प्रश्न मी नुसते शोभेसाठी विचारले.

डोंगरातल्या खोल, भुसभुशीत बर्फात चालवायच्या स्लेड (इथे स्नोमोबिलला स्लेडच म्हणतात) बहुतेक टू-स्ट्रोक असतात. हलक्या असतात, अडकल्या तर दोघांनी ओढल्या की निघतात. माझी फोर-स्ट्रोक आहे आणि ती मी मुद्दाम घेतली. याचं मूळ पुण्यात, सहकारनगरमध्ये आहे. आमच्या बाबांची स्कूटर टू-स्ट्रोक होती. तिला पेट्रोलबरोबर ऑइल पाजावं लागायचं आणि बदल्यात ती धूर द्यायची. एके दिवशी शेजारच्या काकांनी फोर-स्ट्रोक मोटरसायकल आणली. "आवाज येतोय का? येतोय का?" असं विचारत त्यांनी अख्ख्या सोसायटीला तो न येणारा आवाज ऐकवला होता. आयुष्यात कधीतरी आपणही फोर-स्ट्रोक घ्यायची, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. ती कॅनडात आणि बर्फावर चालणारी असेल, एवढं मात्र ठरवलं नव्हतं.

माझा मित्र गुरप्रीत याची स्लेड टू-स्ट्रोक. त्याने माझी पहिल्यांदा पाहिली, मागून उचलून बघितली, कमरेला हात लावला आणि विचारलं, "भाई, तू इसको पहाड़ पे ले जाएगा, या ये तुझे ले जाएगी?" मी हसून सोडून दिलं. ज्याला अॅव्हरेज म्हणजे काय हे कळत नाही, त्याच्याशी काय बोलायचं?

पण खरी अडचण गुरप्रीत नव्हता, गॅरेज होतं. आमचं घर कोक्विटलाममध्ये टेकडीवर आहे. खाली गावात पाऊस पडत असतो तेव्हा आमच्याकडे बर्फ असतो. गॅरेजमध्ये दोन गाड्या मावतात, एक माझी आणि एक माझ्या बायकोची, मृणालची. स्लेड आल्यावर तिघींपैकी कोणालातरी बाहेर झोपणं भाग होतं आणि ती मृणालची गाडी निघाली. मृणाल फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करण्याआधी ती रोज सकाळी अंधारात काचेवरचा बर्फ खरवडायची. आत माझी स्लेड दुलईत असायची. (दुलई नाही, कव्हर. पण मृणाल दुलईच म्हणायची.) शेवटी एका रात्री जेवताना तिने निकाल लावला. एक रविवार, एक फेरी. ती स्वतः चालवणार. स्लेड नीट सुरू झाली आणि तिला धड परत घेऊन आली, तर गॅरेज स्लेडचं. नाहीतर त्याच संध्याकाळी विकायची जाहिरात.

मी आनंदाने मान्य केलं. परीक्षा फोर-स्ट्रोकची होती, मला कसली भीती?

तेवढ्यात नागपूरहून नाना आले. नाना म्हणजे माझे सासरे. बहात्तरीतही ताठ, आणि गेली पंधरा वर्षं माझ्याशी मोजकं पण आदराने बोलणारे. आमचं वैर नव्हतं, फक्त बोलायला विषय नव्हता. त्यांना मी गॅरेजमध्ये नेलं, आपलं यंत्र दाखवलं आणि ते अधूनमधून बर्फात अडकतं हेही बोलता बोलता सांगून गेलो. त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग विचारलं, "पूजा केव्हा केली?"

केलीच नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, आता मृणालला परत घेऊन जातात.

"अन् म्हणता बर्फात अडकून राहिली," ते म्हणाले. "अडकनच ना मंग."

ती अडकते कारण ती जड आहे, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण ते मी अजून मृणाललासुद्धा सांगितलं नव्हतं.

तर असा तो रविवार उजाडला. गुरप्रीतच्या पिकअपमागे ट्रेलर, ट्रेलरवर दोन स्लेड, गाडीत आम्ही चौघं आणि पोळीभाजीचे डबे. होप नावाच्या गावापुढे डोंगरात स्लेडवाल्यांचं पार्किंग आहे. तिथून एक सपाट, आखलेला रस्ता झाडांमधून वर जातो. मृणालने तेवढंच जाऊन यायचं होतं. हवा स्वच्छ होती. आजूबाजूला दहाबारा स्लेडवाले हेल्मेट घालून धूर सोडत होते. मी माझी स्लेड उतरवली, बटण दाबलं, एका फटक्यात सुरू. आवाज असा, की नसल्यातच जमा. "आवाज येतोय का?" मी मृणालला विचारलं. सहकारनगरचे काका मला त्या क्षणी पूर्ण समजले.

"बंद करा," नाना म्हणाले. "पयले पूजा."

त्यांनी पिशवीतून ताट काढलं. हळद, कुंकू, अक्षता, नागपूरहून आणलेला झेंडूच्या खोट्या फुलांचा हार, दोन लिंबं आणि एक नारळ. थर्मासमधलं गरम पाणी घालून त्यांनी कुंकू कालवलं आणि पुढच्या नाकावर स्वस्तिक काढायला घेतलं. दुसऱ्या रेघेपर्यंत कुंकू गोठलं. पुन्हा पाणी, पुन्हा कालवणं. नाना कच्चं काम करणाऱ्यातले नव्हते. पुढे चाकांच्या जागी असलेल्या दोन्ही स्कींना, पट्ट्याला, सीटला आणि हँडलला त्यांनी अंगठ्याने दाबून दाबून कुंकू लावलं. हँडलवर मध्यभागी एक लाल गोल बोंडुक होतं. ते तर कुंकवासाठीच दिल्यासारखं. तिथे त्यांनी सढळ हाताने हळद-कुंकू चढवलं, वर अक्षता दाबल्या. हार पुढच्या काचेवरून स्क्रीनवर सोडला. लिंबं पट्ट्याखाली गेली.

उरला नारळ. नानांनी तो स्लेडसमोर आपटला. नारळ बर्फात घुसला आणि दिसेनासा झाला. कोपरापर्यंत हात घालून आम्ही तो बाहेर काढला, पुन्हा आपटला, पुन्हा गेला. शेवटी गुरप्रीतने ट्रेलरच्या लोखंडी हुकावर तो फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "अंकलजी, मैं एक चक्कर मारके आता हूँ." तो गेला. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या अर्ध्या तासात तिथे स्लेडमधलं काही कळणारा माणूस आमच्यात उरला नव्हता. (मी होतो. पण निकाल पाहता मला धरू नये.)

मृणाल हेल्मेट घालून बसली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शांतता. फोर-स्ट्रोक शांत असते हे खरं, पण एवढी नाही.

"थंडीने असेल," मी म्हणालो.

"पंधरा मिनिटांपूर्वी काय उन्हाळा होता?" मृणाल म्हणाली.

मी बसून पाहिलं, उभं राहून पाहिलं, बटण हळू दाबलं, मग रागाने दाबलं. दोन स्लेडवाले जवळ आले, मदत हवी का म्हणून. "नो, नो, आय नो धिस मशीन," मी त्यांना सांगितलं आणि ते बिचारे निघून गेले. मृणालने घड्याळाकडे पाहिलं. मला संध्याकाळची जाहिरात डोळ्यांपुढे दिसायला लागली, फोटोसकट. 'उत्तम स्थिती, कमी वापर, कुंकवाचे डाग.'

तेव्हा नाना माझ्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तिरपी करून पाह्यली?"

आता ज्यांच्या घरी कधी स्कूटर नव्हती, त्यांच्यासाठी सांगतो. स्कूटर सकाळी सुरू झाली नाही, की तिला कुशीवर अशी तिरपी करायची, एक-दोन-तीन म्हणायचं, सरळ करायची आणि किक मारायची. का, ते कोणालाच नक्की माहीत नसायचं. पण सुरू व्हायची. आमचे बाबा करायचे. नाना नागपुरात करायचे. आणि माझ्या मनात गेली दहा मिनिटं तेच घोळत होतं, पण इंजिनिअर असल्यामुळे बोलायची लाज वाटत होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांचं आणि माझं एकमत झालं होतं. मला अगदी भरून आलं.

"सुहास," मृणाल म्हणाली, "ती स्कूटर नाहीये. मला एकदा ती स्क्रीन बघू दे."

"तू जरा बाजूला हो," मी आणि नाना एकदम म्हणालो.

स्कूटर एका हाताने तिरपी होते. ही गाडी हलायलाच तयार नव्हती. आम्ही दोघांनी एका बाजूने हात घातले. मृणाल मागून सांगत होती, कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. आम्ही कमरेत वाकलो. "एक, दोन..." तीनला गाडी उठली. उठली ती उठतच गेली. पलीकडे बर्फ काढून केलेला उतार होता, हे आम्ही दोघांनी पाहिलेलं नव्हतं. स्लेड एका कुशीवर झाली, मग सावकाश, अगदी निवांतपणे पाठीवर पडली आणि दोन्ही स्की आकाशाकडे करून थांबली. पट्ट्याखालची दोन्ही लिंबं बर्फात तशीच होती. त्यांना काही झालं नव्हतं.

"जास्त तिरपी झाली," नाना म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोघंही सरळ उभे राहू शकलो नाही. ते उजवीकडे कललेले, मी डावीकडे. गुरप्रीत परत आला तेव्हा त्याने आधी आम्हाला पाहिलं, मग स्लेडला, आणि कोणाला आधी सरळ करायचं हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने चार टू-स्ट्रोकवाले बोलावले. ज्यांच्या धुराला मी मघाशी नाक मुरडलं होतं, त्यांनीच माझी फोर-स्ट्रोक पायांवर उभी केली. प्रत्येकाने उचलताना तेच म्हटलं, "हेवी, मॅन." मृणालने ते ऐकलं. चारही वेळा ऐकलं.

मग तिने पुढे होऊन स्क्रीनवर अजूनही अडकून बसलेला झेंडूचा हार उचलला. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की इंजिन बंद करायचं बटण दाबलेलं आहे, कृपया वर ओढा. यंत्र बिचारं मघापासून हेच सांगत होतं, फुलांच्या आड. मृणालने हँडलवरच्या त्या लाल बोंडकावरचं गोठलेलं कुंकू नखाने खरवडलं (काचेवरच्या बर्फाचा सराव होताच) आणि ते टक् करून वर ओढलं. नाना लांबच्या डोंगराकडे पाहायला लागले.

"सुटलो," मी म्हणालो आणि बटणाकडे हात नेला.

"रुक," गुरप्रीत म्हणाला. "उलटी हुई है. फोर-स्ट्रोक है ना, तेल ऊपर चढ़ गया होगा. घंटा भर मत छेड़."

तासभर! आधीच जेवायची वेळ होत आली होती. मृणालचा विचार बदलायच्या आत फेरी व्हायला हवी होती. शिवाय माझं यंत्र मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी बटण दाबलं.

स्लेड खोकली. मग सुरू झाली, आणि तिच्यातून जो धूर निघाला, तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. निळा-पांढरा, दाट, थांबायचं नाव नाही. बाबांच्या स्कूटरने वर्षभरात जेवढा सोडला नसेल तेवढा एका दमात. पार्किंग दिसेनासं झालं. धुराच्या पलीकडून टू-स्ट्रोकवाल्यांच्या टाळ्या ऐकू आल्या. गुरप्रीतने मला मिठी मारली आणि म्हणाला, "वेलकम, भाई." त्या सगळ्यात एकटे नाना डोळे मिटून उभे होते, छाती भरून श्वास घेत.

"असाच यायचा वास," ते म्हणाले. "आपल्या स्कूटरले."

त्यानंतर एक तास आम्ही गुरप्रीतचं ऐकलं. त्याने तेल तपासलं, जे पुसायचं ते पुसलं. पोळीभाजी खाऊन झाली, खोबरं संपलं. मी मृणालच्या तोंडाकडे बघत होतो आणि मनातल्या मनात जाहिरातीतली किंमत कमी करत होतो. मग ती उठली, हेल्मेट घातलं, बसली, बटण दाबलं. एका फटक्यात सुरू. आवाज नाही, धूर नाही. ती झाडांमध्ये गेली.

फेरी दहा मिनिटांची होती. वीस झाली, तरी ती येईना. नाना एका बाजूला कललेले येरझारा घालायला लागले. मी मनात म्हटलं, गॅरेज गेलं खड्ड्यात, एवढी ती सुखरूप येऊ दे. शेवटी गुरप्रीत त्याच्या स्लेडवर बसणार, तेवढ्यात झाडांतून मृणाल आली. सरळ आली आणि आम्हाला हात करून पुढून निघून गेली. झाडांतल्या झाडांत वळून तिच्या दोन फेऱ्या आधीच झाल्या होत्या, ही तिसरी होती.

उतरली तेव्हा गाल लाल झालेले. हातमोजे काढत म्हणाली, "हँडल गरम होतं, हे मला कोणी सांगितलंच नाही."

स्लेड राहिली. मी इतका खूश झालो की परतीच्या वाटेवर मृणाल आणि नाना मागच्या सीटवर गॅरेजबद्दल हळू आवाजात काय बोलतायत, इकडे माझं लक्षच नव्हतं.

आता लोक विचारतात, मालक म्हणून फोर-स्ट्रोकचा अनुभव कसा आहे? उत्तम आहे. दर रविवारी मृणाल घेऊन जाते, तिची कधी तक्रार नसते. रात्री स्लेड आणि मृणालची गाडी शेजारी शेजारी गॅरेजमध्ये असतात. रोज सकाळी मी बाहेर माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतो. परवा ती थंडीने सुरू होईना, तेव्हा नानांचा नागपूरहून फोन आला होता. त्यांनी विचारलं, "तिरपी करून पाह्यली?" आणि खोटं कशाला बोलू, मी गाडीच्या एका बाजूला जाऊन, कोणी बघत नाही ना असं पाहून, हात लावून आलो.