मोठेबाबांचं ऊन

तेलंगणातल्या बेल्लमपल्लीच्या उन्हात कुत्रीसुद्धा नालीत अंग टाकून पडतात. आमचे मोठेबाबा मात्र अंगणाच्या मधोमध बाज ओढत. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेला होता. कुणी हटकलं तर म्हणत, "आमच्या वाट्याचं ऊन दुसऱ्यायनं खाल्लं. आता मी वसूल करून राह्यलो."

हे वेड मुळात मोठ्या आईचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. पहाटे खाणीत उतरलेला माणूस हिवाळ्यात अंधारातच घरी यायचा. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती त्यांना अंगणात बसवून पाठीला तेल चोळायची. "खाणीतल्या मानसाले उनच औषध," हे तिचं ठाम मत होतं. क्वार्टरांच्या त्या ओळीत सगळ्याच बायका असं करत.

रिटायर झाल्यावर बीपी निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि सकाळी कोवळ्या उन्हात फिरायला सांगितलं. मोठेबाबांना त्यातलं ऊन तेवढं ऐकू आलं. गोळी ते कुरकुरत घ्यायचे, पण घ्यायचे. भर उन्हाळ्यात बीपी उतरला, तेव्हा पोरगा मॅट्रिक पास झाल्यासारखे गल्लीभर सांगत फिरले. मोठी आई हरखली. "उतरला ना आता? मंग काऊन खाता गोळी? उनानं केलं सारं." साऱ्या जगाशी भांडणाऱ्या या माणसाने बायकोचा शब्द कधी मोडला नव्हता. याही वेळी मोडला नाही.

हिवाळ्यात आमच्याकडे हाडं गोठतात. धुकं पडलेल्या एका सकाळी त्यांच्या हातातला चहा सांडला, तोंड वाकडं झालं. मंचेरियलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तेलुगूत विचारलं, गोळी कोणती चालू होती? मोठी आई तेलुगूतच म्हणाली, बीपी तर कधीच उतरला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, तो गोळीने उतरला होता. उन्हाळ्यात थोडा तसाही उतरतो, थंडीत पुन्हा चढतो. गोळी सोडायची नसते.

मोठ्या आईची सारी हयात बेल्लमपल्लीत गेलेली. तिला प्रत्येक शब्द कळला. कळला नसता तर किती बरं झालं असतं!

मोठेबाबा तिथून परतले नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने माझा हात धरला. "म्हंजे मीच मारलं का रे त्यायले?"

"नाही गं," मी म्हणालो.

अजूनही भेटलो की ती हेच विचारते. मी नाही म्हणतो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहते आणि मग पुन्हा विचारते.