खुन्यांची पावलं चालणारी हिल्डा
आमच्या काळच्या खुनाच्या चित्रपटांत एक प्रसंग ठरलेला असे. धुकं, ओला दगडी रस्ता, भिंतीवर लांबलेली सावली आणि माणूस दिसायच्या आधी ऐकू येणारी त्याची पावलं. ती ऐकून अख्ख्या इंग्लंडच्या घशाला कोरड पडायची. ती पावलं हिल्डा गारसाइडची होती. पन्नाशीची, ठेंगणी, लोकरी जाकिटातली, सदा पेपरमिंट चघळणारी बाई!

चित्रीकरणाच्या गोंधळात पावलांचा आवाज धड येत नाही. म्हणून आमच्या स्टुडिओत तो तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवत, आणि खाली हिल्डा फरशीवर, खडीवर नाहीतर फळ्यांवर पडद्यावरच्या नटाच्या तालात चालायची. काचेपलीकडे आवाज मुद्रित करायला मी, स्टॅन पर्किस. लाल दिवा लागला की ती तोंडातली गोळी कागदात गुंडाळून खिशात ठेवायची. पुरुषांसाठी तिचा बुटांचा एक ठरलेला जोड होता, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेला.

त्रेपन्न सालच्या सप्टेंबरात माझ्या लक्षात आलं, की नव्या चित्रपटातला गळा दाबणारा, आधीच्यातला इन्स्पेक्टर आणि त्याच्याही आधीचा लबाड वकील, तिघेही एकाच चालीने चालतात. एक पाऊल पुरतं, दुसरं अर्धवट आणि जरासं घासत. अंधाऱ्या दृश्यात पाय दिसत नाहीत, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. मला मात्र रागच आला. कानांवर पोट असलेला माणूस मी, आणि सहा वर्षं मला कळू नये!

कँटीनमध्ये मी तिला गाठलं. "अगं हिल्डा, आपल्या सगळ्या खुन्यांची आई एकच आहे का?"

तिने चहा ढवळला. "आई नाही रे. बायको."

मग तिने सांगितलं. नवरा, सिरिल, जर्मनांच्या कैदेत होता. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात कैद्यांना बर्फातून चालवलं, त्यात डाव्या पायाची बोटं गेली. घरी आला, दीड वर्ष राहिला आणि सेहेचाळीसच्या नोव्हेंबरात संध्याकाळचा पेपर आणायला म्हणून गेला, तो गेलाच.

"पोलीस म्हणाले, बाई, मोठा माणूस आहे, स्वतःच्या पायांनी गेलाय. पण आठवड्यातून दोनदा सिनेमा पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, स्टॅन. कुठेतरी अंधारात बसत असेलच. ऐकेल. ऐकलं की येईल."

मी दिग्दर्शकाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून ती चाल माझ्याच मागे लागली. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या धुक्यात मी थांबलो की ती थांबायची, पण किंचित उशिराने. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या मी, सरळ सांगतो, मला भीती वाटायची.

फेब्रुवारीत, दुपारच्या चहाच्या वेळी, सिरिलची बहीण एनिड स्टुडिओत आली. कोटही न काढता उभ्याउभ्या म्हणाली, "ग्रिम्सबीला सापडलाय तो. तिथल्या बंदरात मासेमारीची जाळी विणतो."

हिल्डाने खुर्चीची पाठ धरली. "ऐकलं त्याने?"

"ऐकलं. पहिल्यांदा अर्ध्यातनंच उठून गेला. तिसऱ्या वेळी ओळखलं, तूच आहेस म्हणून. दुसऱ्या कुणाला जमणार गं ती चाल?"

"मग?"

"मग काय! यायचं नाहीये त्याला. तुला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणे."

हिल्डा लालबुंद झाली. "लाज? सात वर्षं मी दाराला कान लावून बसले, तेव्हा कुठे होती ती?" तिला तसा आवाज चढवताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"मी त्याची बाजू नाही घेत," एनिड म्हणाली. "पण त्याला सारखं वाटतं, मागे कोणीतरी आहे. घरमालकीण सांगत होती, बूटच घालत नाही. जिन्यात, अंगणात, सगळीकडे नुसत्या मोज्यांवर. स्वतःचंच पाऊल ऐकवत नाही त्याला."

हिल्डाचा राग तिथेच विझला. "मोज्यांवर? या गारठ्यात?" ती खाली बसली. "त्या पायाला थंडी अजिबात सोसत नाही गं, एनिड. रात्र रात्र शेकत बसायचे मी."

माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

एक तुकडा अजून व्हायचा होता. खुनी बंदराच्या पायऱ्या उतरतो, तो. हिल्डाने नेहमीचे बूट काढून बाजूला ठेवले, पेटीतून हाताला लागला तो जोड घातला आणि कुठल्याही खाटकासारखी, कारकुनासारखी दणदण उतरली. दिग्दर्शक कुरकुरला, "हा कोणी भलताच वाटतोय. अंगावर काटा येत नाही." तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

दाराशी तिने एनिडच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"त्याला सांग, मी थांबले. आता बूट घाल म्हणावं."