विहिरीवरचं पिंप

स्थैर्य हा माणसाचा सर्वांत मोठा गुण आहे, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. आमच्या आप्पा गवंड्यांनी आयुष्याची शेवटची सहा वर्षं याच एका गुणाच्या मागे घालवली. फक्त तो त्यांना स्वतःत नको होता. एका निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात हवा होता.

पिंप शिक्रापूरच्या भंगारवाल्याकडून आणलेलं होतं आणि आमच्या गावच्या तलावात तरंगायचं. त्याच्या खाली एक विहीर होती. तलावाची भिंत उंच केली तेव्हा आप्पांच्या मळ्यासकट ती पाण्यात गेली. चैत्रात पाणी उतरलं की विहिरीचं तोंड कमरेएवढ्या पाण्यात येतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत, यात्रेआधी, बायका तिथे गोधड्या धुवायला उतरतात. भिजलेली गोधडी ताणायची तर दोघी दोन टोकं धरतात आणि मागे मागे सरतात. आप्पांची बायको हिराकाकू अशीच मागे सरली. गोधडी समोरच्या बाईच्या हातात राहिली.

त्यानंतर एका पुढाऱ्याच्या हस्ते काठावर ‘पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे’ अशा पाटीचं अनावरण झालं. भाषण पाऊण तास चाललं. पाटी मजबूत निघाली. बायका तिच्यावर गोधड्या वाळत घालतात. आप्पा भाषणाला नव्हते. ते घरामागे तेलाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट ओतत होते.

विहिरीवर खूण म्हणून पिंप सोडायचं आणि ते जागेवर राहावं म्हणून त्याला तळाशी वजन बांधायचं, एवढाच बेत. पण तेलाच्या डब्याचा ठोकळा गुळगुळीत. तो गाळावरून घसरत गेला. मग त्यांनी ट्रकच्या जुन्या टायरमध्ये काँक्रीट भरलं, मधोमध सळईचं कडं रोवलं. तो ठोकळा जागेवर राहिला, पण कड्यावर घासून दोरी तुटली. मग कड्यावर पाइपाचा तुकडा चढवला. पुढच्या पावसाळ्यात लोंढ्याने ठोकळाच सरकला. मग खालून सळईचे काटे काढले. प्रत्येक नगावर ओलं बारदान टाकून ते सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. घाई केलेली त्यांना खपत नसे. “सिमिट मानसागत हाय, सर. वरून सुकलं म्हंजी आतून सुकलं असं न्हाई.”

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो, त्यामुळे गरज नसलेला शब्द पुरवणं हा माझा व्यवसाय होता. “आप्पा, याला नांगर म्हणतात,” मी एकदा सांगितलं.

ते पाणी मारायचे थांबले. “नांगर जिमीन उकारतो. ह्येनं उकारली तर माझं पिंप गेलं की वाहून.”

“जहाजाचाही नांगरच असतो.”

“मंग जहाजवाल्यांनी आमचा शब्द चोरला म्हना.”

तरीही तालुक्याच्या कचेरीकडे मदतीचा अर्ज लिहिताना मी ऐटीत ‘तलावातील धोक्याच्या जागी पाच नांगर मिळणेबाबत’ असा विषय घातला. सहा महिन्यांनी उत्तर आलं: नांगर ही शेती अवजारांत मोडणारी बाब असून कृषी विभागाकडे अर्ज करावा, सोबत सातबारा जोडावा. मी ते मान खाली घालून वाचून दाखवलं. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. “कळवा त्यास्नी, सातबारा पान्याखाली हाय. पोहत येऊन बघा म्हनावं.” गावाने मात्र शब्द उचलला. तेव्हापासून ते नांगरआप्पा झाले.

सगळ्यात मोठा वैरी पाण्याची पातळी होती. पावसाळ्यात लांब दोरी लागायची. फाल्गुनात पाणी उतरू लागलं की तीच दोरी सैल पडायची आणि पिंप वाऱ्याबरोबर फिरायचं. मग आप्पा ट्यूब फुगवून, तिच्यावर पालथे पडून, धापा टाकत जायचे आणि दोरी आखडून यायचे. दर आठ दिवसांनी. एका चैत्रात त्यांना ताप आला आणि एक खेप चुकली. पिंप चाळीस पावलं सरकलं. धुणाऱ्या दोन बायका पिंपापासून शहाणपणाने लांब सरल्या, म्हणजे नेमक्या विहिरीकडे. आप्पा अंगात ताप घेऊन काठावर आले होते म्हणून बरं. ते कपड्यांनिशी पाण्यात घुसले आणि एकीचा दंड धरून तिला मागे ओढलं. ती ओरडली, “आप्पा, याड लागलं का तुमास्नी?” त्यांनी हातातली काठी तिच्या पुढ्यात पाण्यात खुपसली. काठी गेली ती गेलीच.

त्या दिवशी ते काठावर ओल्या कपड्यांतच बसून होते. “खोटं बोलनाऱ्या पिंपापरीस पिंप नसल्यालं बरं,” एवढंच म्हणाले.

मी चार पुस्तकं वाचलेला माणूस असल्याने उपाय मला लगेच सुचला होता. “आप्पा, ठोकळा बाहेर गाळावर कशाला? सरळ विहिरीतच सोडा. तिथून कुठे सरकणार?”

आप्पांनी मान हलवली. मग म्हणाले, “त्या हिरीत मी आता काय बी टाकनार न्हाई.”

त्यांची आणखी एक सवय गावाच्या चेष्टेचा विषय होती. घराला समोर चांगल्या घडीव दगडांच्या तीन पायऱ्या असताना ते बाजूने, ओट्याला हात टेकून, कण्हत वर चढायचे. साठीनंतरही. मी एकदा म्हणालो, “पायऱ्या काय नुसत्या पाहुण्यांसाठी बांधल्या?”

“त्या हिरीच्या हायती,” आप्पा म्हणाले. “पानी यायच्या आदी समदे दारं-खिडक्या काढून नेत व्हते तवा. म्या म्हनलं, पान्यात जानाऱ्या हिरीला कठडा कशाला? कठडा उतरवला आन् त्याच्या दगडांच्या हितं पायऱ्या केल्या. ऱ्हायला असता तर तिची पाठ टेकली असती, सर. पाठ टेकली असती आन् ती म्हनली असती, काय लागलं गं मला.”



सहाव्या वर्षी माघात त्यांचा खोकला छातीत उतरला. मुलगी दौंडला दिलेली. तिने तिकडे दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो बाजूला करून त्यांनी विचारलं, “पानी किती उतारलं?”

“बरंच वर आहे अजून,” मी खोटं सांगितलं.

“सर, तुम्ही काठावनं बघून बोलताय का घरात बसून?” मुलीने मास्क परत बसवला. त्यांनी पुन्हा काढला. “देवळाचा कळस आन् टाकीचा जिना एका रेघंत धरायचा. बाभळ आन् इजेचा डांब दुसऱ्या रेघंत. दोन्ही रेघा जुळतील तितं ती हाय.” विहीर म्हणायचं होतं, असं मी धरून चाललो.

ते चार दिवसांनी गेले. दहाव्याला पुढाऱ्याने ‘आप्पांचं अपुरं कार्य गाव पुढे नेईल’ असं सांगितलं आणि गावाने माना डोलावल्या. चैत्र लागला त्या सकाळी पिंप समोरच्या काठाला लागलेलं दिसलं. दोरी तुटली होती. यात्रा नऊ दिवसांवर होती.

आप्पांच्या घरामागे बारदानाखाली शेवटचा नग तयार होता. एका मच्छीमाराच्या तराफ्यावर तो चढवून आम्ही निघालो. कळस आणि जिना जुळवला, बाभळ आणि डांब जुळवला. विहिरीच्या अलीकडे, गाळावर सोडायचा, हे मी मच्छीमाराला तीनदा बजावलं. त्याने ढकलला. नग विहिरीच्या कडेवर टेकला, कलंडला आणि आत गेला. बुडबुडे बराच वेळ येत राहिले. “बसला बगा जाग्यावर,” मच्छीमार म्हणाला. दोरी माझ्या हातात होती, दोन्ही टोकांसकट.

मी नवा नग ओतला, पण आप्पांच्या हिशोबाने त्याला एकवीस दिवस पाणी मारायला हवं होतं. म्हणून यात्रेपर्यंत रोज सकाळी विहिरीच्या अलीकडे, कमरेएवढ्या पाण्यात, काठी रोवून मी स्वतः उभा राहिलो. गोधड्या धुताना एकही बाई मागे सरली नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडेच होती, कारण मला पोहता येत नाही हे त्यांना माहीत होतं.